ठकीची आठ पांढरी अंडी

“ताई, ही आठ म्या घोरपडीला घालनार न्हाई,” हौसामावशी म्हणाल्या आणि त्यांनी बादली माझ्या पायांशी ठेवली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या सर्पोद्यानात मी तेव्हा प्रशिक्षणार्थी होते. जनुकशास्त्रात एम.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं. हौसामावशी तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. झाडलोटीला म्हणून आल्या आणि हळूहळू अजगरांच्या झाल्या. आमच्याकडे दोन अजगर होते, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत. मादी ठकी आणि नर दौलत, दोन्ही नावं मावशींनीच ठेवलेली. ठकी दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयात जन्मली, हातभर असताना आमच्याकडे आली आणि तेव्हापासून नऊ वर्षं एकटीच राहिली. पिल्लं वाढवायला जागा नव्हती, म्हणून तिची आणि दौलतची गाठ पडू द्यायची नाही, असा नियमच होता.

तरीही गेली चार वर्षं ठकी दर चैत्रात अंडी घालायची. पिवळट, मऊ, सुरकुतलेली. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालतेच, तशातली. मावशी ती बादलीत भरायच्या आणि मागच्या पिंजऱ्यातल्या घोरपडीला नेऊन द्यायच्या. घोरपड वर्षभर त्या दिवसाच्या आशेवर असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या वर्षी एकोणीस अंडी होती. अकरा नेहमीसारखीच. बाकीची आठ पांढरीशुभ्र, तट्ट फुगलेली, बदकाच्या अंड्याहून मोठी.

“का नाही घालणार?” मी विचारलं.

“भरल्याली हायत.”

मला हसूच आलं. “मावशी, नर नाही तर भरणार कशी?”

“त्ये तुमी सांगा. शिकलाय न्हवं?”

शिकले होते, म्हणूनच तर त्यांना दाखवून द्यायचं ठरवलं. खाद्याच्या कोठीत अंधार असायचा. तिथे एक अंडं अलगद ओंजळीत धरलं आणि खालून मोबाइलचा दिवा लावला. ‘बघा, आत काही नाही,’ असं म्हणणार होते. ‘बघा’ एवढंच तोंडातून बाहेर पडलं.

अंडं आतून गुलाबी उजळलं होतं आणि कवचाच्या आतल्या अंगाला लाल शिरांचं बारीक जाळं पसरलं होतं. जाळीदार पिंपळपान असावं तसं.

“काय बगू?” मावशी माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाल्या.

“शिरा आहेत.”

“आनि?”

“आणि काय! जीव आहे यात.”

“मग म्या काय वायलं म्हनलं व्हतं?”

मी एकेक करून आठही अंडी पाहिली. आठांतही तेच. मग मी सरळ त्यांच्याकडे वळले. “मावशी, खरं सांगा. दौलत तिच्या खोलीत गेला होता का?”

“आवं, त्यो कशाला जाईल? तिची तिनं केलीत.”

“असं नसतं हो.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी पांढरी अंडी होती त्याच अंगावर राहतील अशा बेताने उचलली आणि ठकीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. ठकीने दहा मिनिटांत त्यांच्याभोवती वेटोळं घातलं आणि वर हनुवटी टेकली.

मी टेबलाशी जाऊन रोजच्या नोंदींचं रजिस्टर उघडलं. ते लिहिणं माझं काम होतं. मी लिहिलं, ‘आठ अंडी फलित. मादीचा नराशी संपर्क आला असला पाहिजे. सफाईच्या वेळी दोन खोल्यांमधली झडप उघडी राहिल्याची शक्यता.’ लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग मी चहा प्यायला गेले.

पुढच्या पंधरवड्यात उद्यानात एकच विषय होता. बर्गे नावाचे हेडक्लार्क येताजाता मावशींना छेडायचे. “काय मावशी, पत्रिका न छापताच लगीन उरकलंत?”

“बर्गेसाहेब,” मावशी झाडू न थांबवता म्हणायच्या, “तुमच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडं, माझ्या खोलीची माझ्याकडं. कपाटातनं फायली हरवत्यात. माझ्या खोलीत हाय त्ये हाय.”

सगळे हसायचे. मीही हसायचे. गंमत चालली आहे, असंच मला वाटत होतं.

एक दिवस दुपारी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात घडी घातलेला कागद होता. मावशींना सही करता यायची आणि पाट्या वाचता यायच्या. सरकारी कागद म्हटला की त्या माझ्याकडेच यायच्या.

“ह्ये वाचा बरं.”

‘कारणे दाखवा’ नोटीस होती. मी मोठ्याने वाचायला लागले. “आपल्या निष्काळजीपणामुळे संरक्षित वन्य प्राण्याचे अनधिकृत प्रजनन घडून आले असून, याबाबतचा खुलासा… तसेच चौकशी पूर्ण होईपर्यंत आपले नाव कायम करावयाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून…” माझा आवाज खाली यायला लागला.

“काढलं व्हय नाव?” मावशींनी विचारलं.

त्या यादीत सात जण होते. अकरा वर्षांनी पहिल्यांदा मावशींचं नाव लागलं होतं. त्या आनंदात त्यांनी साऱ्या उद्यानाला पेढे वाटले होते. मला दोन दिले होते.

“थांबवलंय. चौकशीपर्यंत.”

“फुडं वाचा.”

पुढे माझंच वाक्य होतं. रजिस्टरमधून जसंच्या तसं उचललेलं. झडप उघडी राहिल्याची शक्यता.

“ह्ये कुनी लिवलं?”

मी कागदाची परत घडी घालायला लागले.

“तुमीच आसनार,” मावशी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. “हितं दुसऱ्या कुनाला शक्यता म्हनता येतंय?”

“मावशी, मला वाटलं नव्हतं की याचं असं…”

“एक सांगा. ती झडप तुमी बगितली का?”

“नाही.”

“चला.”

त्यांनी मला ठकीच्या खोलीच्या मागच्या बोळात नेलं. दोन खोल्यांमधल्या भिंतीत गुडघ्याएवढी लोखंडी झडप होती. तिच्या खाचेत गंजाचे पापुद्रे आले होते आणि वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं दाट, धुळकट जाळं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. झडप तसूभरही हलली नाही.

“सा वर्सं झाली, उगडलीच न्हाई,” मावशी म्हणाल्या. “म्या तर समोरच्याच दारानं जाते. इचारलं आसतं तर तवाच सांगितलं आसतं.”

तसंच त्यांना घेऊन मी डॉक्टर घारपुरे यांच्याकडे गेले. ते उद्यानाचे अधीक्षक, मूळचे पशुवैद्य. माणूस वाईट नव्हता, पण वरच्या कार्यालयाला फार भ्यायचा. त्यांनी झडपेची गोष्ट ऐकली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“नीरजा, झडप गंजलीय हे मान्य. पण उद्या म्हणतील, समोरच्या दाराने नेला. पिल्लं व्हायला बाप लागतो, एवढं तर तिसरीतलं पोर सांगेल. मी वर काय लिहू? अंड्यांनी आपला निर्णय आपण घेतला?”

“व्हय, तसंच लिवा,” दारातून मावशी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला माझ्या एम.एस्सी.च्या सरांना फोन केला. हा प्रकार कसा झाकता येईल, हे विचारायला केला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मादी कधीपासून एकटी आहे?”

“नऊ वर्षं. हातभर होती तेव्हापासून.”

“मग आधी हे का नाही सांगितलंस? अगं, होतं असं. परदेशात पाळलेल्या सापांमध्ये सापडलंय, अजगरांतही सापडलंय. बापाशिवाय पिल्लं.”

मी पलंगावर बसले होते, ती उठून उभी राहिले. “सर, आम्हाला हे शिकवलं नव्हतं.”

“शिकवलं नव्हतं म्हणून होत नाही का? तुला कोणी सुचवलं नाही?”

“सुचवलं होतं,” मी म्हटलं.

“कोणी?”

“आमच्या मावशींनी.”

सर बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “पिल्लं बाहेर येऊ देत. पहिली कात टाकली की ती घेऊन ये. आईची आण, त्या नराचीही आण. साहेबांचं पत्र मात्र हवं.”

घारपुरे साहेबांनी पत्र दिलं. वरून चौकशीला दोन महिने मुदतही मागून घेतली.

ते दोन महिने मावशींनी ठकीच्या खोलीपुढेच काढले, असं म्हटलं तरी चालेल. ठकी खात नव्हती. सकाळी गारवा असला की तिचं सगळं अंग ठरावीक लयीत थरथरायचं. मला आधी वाटलं, आजारी पडली.

“न्हाई वं,” मावशी काचेला हात लावून म्हणाल्या. “ऊब देतीय. तुमाला लेकरू झालं की कळंल.”

मी तेव्हा वहीत ‘स्नायूंचे आकुंचन, मिनिटाला नऊ वेळा’ अशी नोंद केली. बरोबरच होती ती. पुढे माझ्या मुलीला थंडीच्या दिवसांत छातीशी धरून बसायची वेळ आली, तेव्हा ते ‘कळंल’ मला कळलं.

आम्ही दोघी काचेपुढे बसून खूप बोललो त्या दिवसांत. मी त्यांना जनुकांबद्दल सांगायचे. अंडं तयार होताना आईचा अर्धा वाटा बाजूला पडतो आणि विरून जातो. नराकडून दुसरा अर्धा येतो, मग पिल्लू. पण क्वचित कधी तो बाजूला पडलेला वाटाच परत येऊन मिळतो आणि नराची जागा घेतो.

मावशींनी थोडा विचार केला. “म्हंजे घरात निवडून बाजूला टाकल्याल्या कापडाचीच गोधडी केली म्हना की.”

“साधारण तसंच.”

“मग त्यात येवढं इंग्लिश शिकायसारखं काय हाय?”

ज्येष्ठातल्या एका सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि आतून नखाएवढं नाक बाहेर आलं. ठकीला काहीच घाई नव्हती. पिल्लू दिवसभर नुसतं डोकं बाहेर काढून जगाकडे पाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार बाहेर आली. उरलेली चार आतच थांबली होती. मावशींनी ती बागेत जास्वंदीखाली पुरली. घोरपडीकडे त्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

बाराव्या दिवशी मावशी पातेलंभर हरभऱ्याच्या घुगऱ्या घेऊन आल्या. आमच्या उद्यानात कुठल्या प्राण्याचं बारसं झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बर्गे दोन द्रोण खाऊन म्हणाले, “नावं ठेवलीत ते ठीक, पण जन्माच्या नोंदीत बापाच्या रकान्यात काय भरू?”

“आईचंच दोनदा भरा,” मावशी म्हणाल्या.

योगायोग म्हणा, त्याच दोन दिवसांत चारही पिल्लांनी पहिली कात टाकली. मावशींनी त्या पातळ, पारदर्शक काती पाकिटांत वेगवेगळ्या ठेवल्या, प्रत्येक पाकिटावर त्या पिल्लाच्या पाठीवरच्या ठिपक्याची खूण काढली. ठकीची आणि दौलतची जुनी कात त्यांनी आधीच जपून ठेवली होती. मी सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेले आणि सरांच्या प्रयोगशाळेत आठ दिवस राहिले.

मला तिथे एकच गोष्ट पाहायची होती. सापाच्या जनुकांत काही जागा अशा असतात, की तिथे प्रत्येक जनावराच्या खुणा वेगळ्या पडतात. पिल्लाच्या दोन खुणांपैकी एक आईची, एक बापाची. बाप असेल, मग तो आत्ताचा असो की कितीही वर्षांपूर्वीचा, तर ठकीकडे नाही अशी एखादी खूण पिल्लांत दिसलीच पाहिजे. अशा अकरा जागा आम्ही तपासल्या. दौलतकडे सहा खुणा अशा होत्या, ज्या ठकीकडे कुठेच नव्हत्या.

चार पिल्लं, अकरा जागा. एकही परकी खूण नाही. उलट, ठकीकडे जिथे दोन वेगळ्या खुणा होत्या, तिथे बऱ्याच ठिकाणी पिल्लांत एकच खूण दोनदा आली होती.

सरांनी त्या खुणांचं छापलेलं चित्र पुन्हा एकदा उजेडात धरलं. “हिच्या घरात कोणी आलेलं नाही,” ते म्हणाले. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. सरांनी मला रडू दिलं, मग कॅन्टीनमधून मिसळ मागवली.

चौकशी सोमवारी होती. घारपुरे साहेबांच्या खोलीत मुख्याधिकारी तांबोळी मॅडम बसल्या होत्या. बर्गे इतिवृत्त लिहायला बसले. मावशी भिंतीजवळच्या खुर्चीवर, नव्या इस्त्रीच्या लुगड्यात. त्यांनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली नव्हती.

मी चित्र टेबलावर ठेवलं आणि समजावून सांगितलं. गोधडीचं उदाहरण दिलं. कुणाचं आहे, तेही सांगितलं. तांबोळी मॅडमनी मध्ये तीन-चार नेमके प्रश्न विचारले. मादीच्या पोटात जुन्या वीर्याची साठवण? नाही, त्यातही बापाच्या खुणा येणारच. कात बदलली गेली? पाकिटांवर खुणा आहेत, पिल्लं समोर आहेत, ताडून बघा.

“कमाल आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हणजे या बाईंचा काडीचाही दोष नाही.”

“अजिबात नाही,” घारपुरे साहेब उजळून म्हणाले. “उलट आपल्या उद्यानाचा गौरव आहे हा. पेपरला द्यायला हवं. नीरजाच्या नावाने शोधनिबंध होईल. बर्गे, लिहा, तांत्रिक कारणास्तव नोटीस मागे घेण्यात येत आहे, आणि नाव पूर्ववत यादीत.”

बर्गे लिहायला लागले. सगळं संपलंच होतं. मावशींनी पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“एक मिनिट,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. “तांत्रिक म्हणजे काय? झडप उघडी होती, हे आलं कुठून?”

बर्गेंनी पेन थांबवलं. घारपुरे साहेब घाईने म्हणाले, “ते सुरुवातीचं प्राथमिक निरीक्षण होतं, मॅडम. जाऊ दे.”

माझं प्रशिक्षण महिनाअखेरीला संपत होतं. मुदतवाढीचा अर्ज तांबोळी मॅडमच्याच टेबलावर होता.

“मी लिहिलं,” मी म्हटलं. “झडप न बघता लिहिलं. बघितली असती तर ती गंजलेली दिसली असती. आणि हौसामावशींनी मला त्याच सकाळी सांगितलं होतं, की नर गेला नाही. मी ते लिहिलं नाही.”

“का नाही लिहिलं?”

“मला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही.”

तांबोळी मॅडम घारपुरे साहेबांकडे वळल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, नोटीस देण्यात तुमचं चुकलं नाही. फक्त पत्ता चुकला. यांना द्या.”

घारपुरे साहेबांना वाटलं, त्या विनोद करताहेत. त्या विनोद करत नव्हत्या. चार वाजता माझ्या हातात माझी ‘कारणे दाखवा’ नोटीस होती, त्याच नमुन्यातली, फक्त नाव बदललेलं. खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

मी टेबलाशी बसून एक कागद भरला, फाडला. दुसरा भरला. ‘उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या मर्यादा लक्षात घेता’ इथे मी अडकले होते, तेव्हा शेजारची खुर्ची सरकली आणि मावशी येऊन बसल्या. कायम झाल्याचं पत्र त्यांना मघाच मिळालं होतं. ते त्यांनी मुठीत गुंडाळून धरलं होतं.

“काय लिवलंस?” त्यांनी विचारलं. आजवर त्या मला ‘तुमी’ म्हणत होत्या.

मी वाचून दाखवलं. त्यांनी नाक मुरडलं.

“फाड ते. पोरी, खरं तेवढं लिव. घे पेन. ‘हौसाबाईंना इचारलं न्हाई, म्हनून चुकलं.’ लिवलंस?”

“लिहिलं.”

“सई कर खाली.”

“एवढंच?”

“मग? काय वायलं झालंय?”

मी सही केली. बर्गे कपाटाला कुलूप लावून निघायच्या तयारीत होते. आम्ही दोघी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

“अहो नीरजाताई, खुलासा असा असतो होय? निदान दीड पान तरी पाहिजे. वरपर्यंत जायचाय हा.”

“दीड पान कशाला?” मावशी म्हणाल्या. “चूक एका वळीची व्हती.”